डबा मागे घेताना

लग्नानंतरची सहा वर्षं आमचा दोघांचा एकांत म्हणजे एसटीतलं दोन माणसांचं बाकडं. पेणहून रोह्याची गाडी धरायची आणि नागोठणं मागे टाकून माझ्या माहेरच्या फाट्यावर उतरायचं. तेवढा तासभर आम्ही शेजारी शेजारी बसायचो. गाडीत गर्दी असायची, पण ती परकी गर्दी. तिला आमच्याशी काही घेणंदेणं नसायचं. मांडीवरच्या पिशवीवर ह्यांचा हात माझ्या हाताला लागून असायचा. ओळखीचं कोणी चढलं की हे ताठ होऊन खिडकीबाहेर बघायला लागायचे. फाटा जवळ आला की मला वाटायचं, आज ड्रायव्हर गाडी थांबवायला विसरला तर किती बरं होईल.

पेणच्या घरात आम्ही नऊ माणसं होतो. सासू-सासरे, मोठे दीर आणि जाऊ, त्यांची तीन मुलं, आणि आम्ही. खोल्या तीन. दारं मात्र दोनच, एक पुढचं आणि एक मागचं. मधल्या खोल्यांना नुसत्या चौकटी होत्या आणि त्यांवर पडदे. मी सासूबाईंच्या शेजारी स्वयंपाकघरात झोपायची, हे पडवीत सासऱ्यांच्या आणि दिरांच्या रांगेत. सहा वर्षांत मूल नव्हतं. सासूबाई उपास सांगायच्या, जाऊबाई डॉक्टर सांगायच्या. आम्ही दोघं मात्र त्या विषयावर एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. बोलणार कुठे?

तेव्हा डोलवीला पोलादाची कंपनी उभी राहत होती आणि हे एका कंत्राटदाराकडे फिटर होते. साइटवर बाहेरदेशाहून आलेला एक इंजिनिअर राहायचा. त्याच्यासाठी दोन चाकांचं, पांढऱ्या पत्र्याचं एक घर आणलेलं होतं. गाडीला जोडून कुठेही ओढत न्यायचं, असं घर. त्याच्या तळाची फळी कुजली तेव्हा ती बदलायला हे गेले होते. घरी येऊन मला भांडी घासताना हळूच सांगत होते. आत दोन बाकडी आहेत, ती जोडली की पलंग होतो. एक ओटा आहे, एक कपाट, तीन खिडक्या. मग म्हणाले, "आनि दाराला आतून कडी हाय."

इंजिनिअरचं काम संपलं, तो परत निघाला. ते घर परत न्यायचा खर्च कोणाला नको होता; ते भंगारात जाणार होतं. जाताना तो साइटवरच्या साहेबामार्फत ह्यांना म्हणाला, "तुला नेता येत असेल तर घेऊन जा."

त्या दिवशी जेवताना ह्यांनी घरात ही गोष्ट सांगितली. दीर हसले. "आनशील कशानं? पाठीवर घेशील?"

ते खरंच होतं. घर फुकट मिळालं होतं, पण ते ओढायला आमच्याकडे सायकलशिवाय काही नव्हतं. शेवटी मी माझ्या भावाला निरोप धाडला. माहेरी भात आणि वालाची शेती; भावाकडे ट्रॅक्टर होता. तो रविवारी पहाटे निघाला आणि डोलवीला पोचला. ह्यांनी ट्रॅक्टरच्या हुकाला बसेल असा आकडा आधीच वेल्डिंग करून ठेवला होता. वडखळ नाक्यावर ट्रकवाले खाली वाकून बघत होते, असं हे नंतर कितीदा तरी सांगायचे.

आमच्या आळीत सगळे बाहेर आले. आमचं अंगण घराच्या बाजूला, भिंत आणि शेजाऱ्यांचा दगडी गडगा यांच्यामध्ये, लांबट आणि अरुंद. आत तोंड घालून शिरलं तर ट्रॅक्टर कोंडला जाणार. तो चाकांचा डबा मागूनच आत घालायला हवा होता. भावानं ट्रॅक्टर पुढे नेला, मान मागे वळवली, आणि डबा एका दमात आत घातला. लोकांनी टाळ्या पिटल्या. भाऊ खाली उतरला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "त्यात काय! ही पन घेईल."

मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

कारण मी खरंच घेतला असता. ट्रॅक्टर आमच्या घरी आला तेव्हा मी शाळा सोडून घरी बसले होते. खळ्यात भाताची ट्रॉली मागे लावायची म्हणजे दोन माणसं लागायची, आणि भावाला जेवायची घाई असायची. त्यानंच मला शिकवलं. ट्रॉली उजवीकडे जायला हवी असेल तर स्टिअरिंगचं चाक आधी डावीकडे फिरवायचं. ती वळायला लागली रे लागली की लगेच तिच्या मागे जायचं, नाहीतर ती काटकोनात दुमडते. गोंधळ झाला तर हात चाकाच्या खालच्या बाजूला धरायचा. मग ज्या बाजूला हात जाईल त्याच बाजूला ट्रॉली जाते. दोन सुगी मी हे काम केलं. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं होतं, सासरी हे बोलायचं नाही. पोरगी ट्रॅक्टर चालवते म्हटल्यावर लोक काय काय विचारतात. मी बोलले नाही.

तर असा डबा अंगणात आला. डबा हे नाव जाऊबाईंच्या मुलांनी ठेवलं. पहिले आठ दिवस तो मुलांचाच होता. मग ह्यांनी आत पडदे लावले, मी स्टोव्ह आणला, आणि एका रविवारी दुपारी आम्ही दोघं चहा प्यायला म्हणून आत गेलो. ह्यांनी कडी लावली.

आम्ही खरंच चहा प्यायलो. समोरासमोर बसून, एकमेकांकडे बघून. मला ह्यांच्या भुवईत एक पांढरा केस दिसला. सहा वर्षांत मी ह्यांचा चेहरा इतका वेळ सलग पाहिला नव्हता. मग हे एकदम म्हणाले, "पोराचं तुला फार लागून राह्यलंय काय गो?" मी म्हटलं, "मला नाही. घरात सगळ्यांना लागलंय." हे म्हणाले, "मला नाय लागलं." तेवढ्यात बाहेरून सासूबाईंनी पत्र्यावर थाप मारली. "दिवसाढवळ्या कडी लावून काय करता गो आत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचे दोन रविवार मी डब्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी सासरे आपलं स्टूल घेऊन अंगणाच्या तोंडाशी जाऊन बसले. सासरे उभा जन्म मिठागरात राबलेले, खाडीकाठच्या गावातून पेणला आलेले. दिवसाला दहा शब्द बोलले तर पुष्कळ. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मुलं डब्याकडे धावली तशी त्यांना म्हणाले, "तिकडं नाय जायाचं. हितं बसा माझ्यापाशी." सासूबाई आल्या, त्यांनाही म्हणाले, "तू पन बस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चा थंड होईल, जा."

त्यानंतर दर रविवारी ते तिथे बसायचे.

डब्यात बसून हे प्रवासाचे बेत करायचे. समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला उतरत जायचं, जिथे आवडेल तिथे थांबायचं. पण त्यासाठी आधी ओढणारी गाडी हवी, आणि गाडी निवडणं हे ह्यांचं नवं वेड झालं. भावाचा ट्रॅक्टर शेताचा. त्यावर दोघं बसून जाणार किती लांब? गल्लीतल्या एकाची जुनी टॅक्सी होती. हे तिच्या मागच्या बाजूवर बसून स्प्रिंग किती दबते ते बघून आले. दिरांच्या ओळखीचा टेम्पो होता. त्याला मागे आकडा बसवायला जागाच नव्हती. पेणच्या गॅरेजमधला म्हातारा मिस्त्री ह्यांना सांगायचा, "ओढनारी मागच्यापेक्षा जड हवी. नायतर उतारावर मागची पुढचीला ढकलंल. आनि लांब बघ, आखूड गाडी लगेच शेपूट हलवते." हे तेच मला घरी येऊन सांगायचे, आकृत्या काढून. वर्ष गेलं. मी चिडवायची, "मुलीला स्थळ बघताय की डब्याला?"

मला जायचं होतं. फार जायचं होतं. पण ह्यांना वाट बघण्यातच सुख वाटतंय, असंही मला कधी कधी वाटायचं. हे मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

शेवटी गाडी आली ती ह्यांच्या शिफ्टमधल्या एका मित्राची. त्याची लांब अंगाची डिझेल जीप रोहा-कोलाड प्रवासी वाहायची. तो म्हणाला, चार दिवस घेऊन जा. मिस्त्रीनं ती बघून मान डोलावली. ह्यांनी आकडा बसवला. निघायच्या आदल्या दिवशी सरावासाठी डबा वडखळपर्यंत नेऊन आणायचा ठरला. पुढे नेण्यात काही अडचण आली नाही. अडचण आली परत अंगणात घालताना.

मी डब्याच्या मागे उभी, सांगायला. आळी पुन्हा बाहेर आली होती. पहिल्यांदा डबा भिंतीकडे गेला. दुसऱ्यांदा गडग्याकडे. तिसऱ्यांदा तो असा दुमडला की जीप आणि डबा एकमेकांना बघायला लागले. "उजवीकडे!" मी ओरडले.

"कोनाच्या उजवीकडे?" हे आतून ओरडले.

"माझ्या!"

"तू माझ्याकडं तोंड करून उभी हायस!"

"मग मागे वळून बघा की! नुसते आरशात काय बघताय?"

हे मागे वळून बघेनात. मला तो हट्ट वाटला. पुढच्या खेपेला डब्यानं गडग्याचे वरचे चार दगड पाडले. शेजारीण ओरडली, सासूबाई शेजारणीवर ओरडल्या, आणि आम्ही दोघं एकमेकांवर. आमचं ते आयुष्यातलं पहिलं भांडण. घरात भांडायलासुद्धा कधी जागा नव्हती. हे म्हणाले, तुला सांगता येत नाय. मी म्हटलं, तुम्हाला ऐकता येत नाही. सगळ्या आळीसमोर, दोन तास. माझे हात शिवशिवत होते. दोन मिनिटांचं काम होतं ते. पण आळीसमोर नवऱ्याला खाली उतरवून मी जीपमध्ये चढणार? शेवटी दहा माणसांनी डबा सोडवून हातानं ढकलत आत नेला.

त्या दिवशी हे जेवून तसेच पडवीत जाऊन झोपले. मला वाटलं, बेत बारगळला. पण सकाळी उठले तर हे डब्यात पाण्याचे हंडे भरत होते.

माघाचे दिवस होते. शेतात वाल तयार झाले होते. नागोठणं गेलं, कोलाड आलं. पुढे कोणी तरी सांगितलं होतं की डाव्या हाताला एक रस्ता कुंडलिकेच्या काठावर मोकळ्या मैदानात जातो. हे वळले ते एक वळण आधी. रस्ता अरुंद होत गेला, डांबर संपलं, आणि एका शेताच्या बांधाशी रस्ताच संपला. एका बाजूला पाटाचं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल वावर. वळायला जागा नाही. अर्धा किलोमीटर उलटं जायचं होतं.

ह्यांनी इंजिन बंद केलं आणि चाकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मान वळत नाय," हे म्हणाले. "तीन महिने झाले. वरनं पाइप सटकला, हेल्मेटवर बसला. तवापासून डावीकडं वळतच नाय."

"मला सांगितलं नाहीत?"

"कंत्राटदाराला कळलं तर उद्यापासनं घरी बसवील. घरात सांगितलं की आळीत कळतं."

कालचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी काय काय बोलले होते तेही. पाटातून पाणी वाहत होतं, आसपास माणूस नव्हतं. मी म्हटलं, "उतरा. मी घेते."

"काय घेतेस?"

"डबा. मागे घेते. तुम्ही मागे जाऊन उभे राहा आणि फक्त पाटाकडे लक्ष ठेवा."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून ते डोळे मला आठवतात. एकही प्रश्न न विचारता उतरले. मी पदर खोचला, चपला काढून ठेवल्या, जीप चालू केली. ट्रॅक्टरपेक्षा क्लच हलका होता. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. मी हात चाकाच्या खाली धरला आणि मान मागे वळवली. डब्याच्या पुढच्या खिडकीतून मागची खिडकी, आणि त्या खिडकीतून हे दिसत होते, उलटे चालत, एक हात वर करून. "येऊ दे... येऊ दे... थोडी तुझ्या हाताला... येऊ दे." आदल्या दिवशीचा आवाज नव्हता तो. वासराला हाकतात तसा मऊ. एकदा डबा पाटाकडे कलायला लागला; मी थांबले, थोडी पुढे घेतली, पुन्हा मागे. पाऊण तास लागला. डांबरी रस्त्यावर आलो तेव्हा माझं पोलकं घामानं भिजलं होतं. हे खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "कोनी शिकवलं?"

मी सगळं सांगितलं. हे रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आनि काल दोन तास उभी राह्यलीस?"

पुढचे तीन दिवस आम्ही नदीकाठी होतो. दक्षिणेला कुठे गेलोच नाही. हे म्हणाले, "हितंच बरं हाय." सकाळी मी नदीवर कपडे धुवायची, हे काठावर बसून बोलत राहायचे. लहानपणचं, मिठागरातलं, वडील मिठाच्या पाट्या वाहून घरी आले की त्यांच्या तळपायाच्या भेगांत आई तेल भरायची, ते. कंपनीतलं, भीतीचं, एकदा उंचीवर गेल्यावर पाय लटपटले होते, ते. मी पण बोलले. मूल न होण्याचं बोललो, आणि बोलल्यावर ते एवढंसं वाटलं. हे म्हणाले, "दोघंच राह्यलो तर दोघंच. मला चालेल." मी ह्यांच्या मानेला तेल लावायची. तीन दिवसांत ती जरा हलायला लागली होती.

परत आलो तेव्हा सकाळची वेळ, आळीतली सगळी दारात. अंगणाच्या तोंडाशी ह्यांनी जीप थांबवली, खाली उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "ये गो, मागं घे." मी त्यांच्या जागी सरकले. सासूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. डबा एका दमात नाही, दोन दमांत आत गेला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माह्यारी ह्येच शिकवलं व्हय गो तुला?" आणि चहा टाकायला आत गेल्या. सासऱ्यांनी जवळ येऊन डब्याच्या पत्र्यावर हात फिरवला.

जीप मित्राकडे परत गेली. पुन्हा जायचं, नक्की जायचं, असं ठरत राहिलं. मग कंपनीचं बांधकाम संपलं, तसं कंत्राटही संपलं. ह्यांना आखातात काम मिळालं. दोन वर्षांसाठी म्हणून गेले, ते नऊ वर्षं तिकडेच राहिले. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे.

ती नऊ वर्षं मी डब्यात राहिले. सासऱ्यांनीच सासूबाईंना सांगितलं होतं, तिला तिथं राहू दे. ह्यांचा फोन नाक्यावरच्या बूथवर यायचा. माझ्या मागे चार माणसं उभी असायची, ह्यांच्या मागे चाळीस. "बरी हायस?" "बरी आहे." "मान कशी आहे?" "बरी हाय." मग लाइनवर नुसती खरखर. मी परत येऊन डब्यात बसायची आणि जे बोलायचं होतं ते मनात बोलायची, ह्यांची उत्तरंही मीच द्यायची. पत्रांत हे हवापाणी लिहायचे. ओळी सरळ, अक्षर नीट, आणि त्यात ते कुठेच नसायचे.

सासरे गेले तेव्हा हे येऊ शकले नाहीत. पुढे घराच्या वाटण्या झाल्या. ह्यांनी आखातातून परतल्यावर रोह्याला स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं. डबा न्यायचा होता. पण टायर मातीत रुतून फुटले होते, तळ गंजून गेला होता. मिस्त्री म्हणाला, उचलला तर हातात येईल. दिरांच्या मुलांनी तो पत्रा पत्रा करून काढला. मी त्या दिवशी पेणला गेले नाही.

मूल झालं नाही. ह्यांची तब्येत ठीक आहे. सकाळी कुंडलिकेच्या पुलापर्यंत फिरून येतात, पेपर वाचतात, टीव्ही बघतात. माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. बाजारातून मला आवडणारे हिरवे वाल न सांगता आणतात. घरात आम्ही दोघंच, दिवसभर, आणि बोलायला सगळा वेळ आहे. पण नऊ वर्षं बूथच्या रांगेत उभं राहून थोडक्यात बोलायची जी सवय लागली, ती ह्यांची सुटली नाही. नदीकाठी हसता हसता डोळे पुसणारा माणूस मी ह्यांच्यात शोधत असते. कधी पाठमोरे बसलेले असले की मानेच्या मागे तो दिसतोही.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी टीव्ही बंद केला आणि समोर जाऊन बसले.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. जरा बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

ह्यांनी बराच वेळ विचार केला. खरोखर मनापासून केला, मला दिसत होतं. मग म्हणाले, "आज वारा पडलाय."

मी म्हटलं, "हो, पडलाय खरा."